कुपवाड एमआयडीसीतल्या फाउंड्रीत इंडक्शन भट्टीत (विजेवर धातू वितळवणारी भट्टी) भंगार टाकताच धडाका होऊन रस, म्हणजे वितळलेला धातू, उडतो, असं का?

बहुतेक वेळा भंगारातलं पाणीच कारणीभूत असतं. रस १४०० अंशांच्या आसपास असतो. पाण्याची वाफ झाली की आकारमान साधारण १७०० पट होतं. रसावर पडलेलं थोडं पाणी चुर्रकन उडून जातं, पण भंगारासोबत रसाखाली गेलं की वाफेला वाट उरत नाही आणि ती अख्खा रस वर फेकते. सांगलीत पावसाळ्यात भंगार उघड्यावर असेल तर हे होणारच.

सर्वात घातक म्हणजे बंद तुकडे: दोन्ही टोकं मिटलेले पाईप, शॉक अॅब्सॉर्बर, डबे. ते आधी कापा, भोक पाडून चालत नाही. बाकी भंगार छपराखाली ठेवा, १५० अंशांच्या वर तापवून मगच रसात सोडा. तशी सोय नसेल तर ओलसर माल फक्त रिकाम्या भट्टीत, पहिल्या चार्जला (भट्टीत पहिल्यांदा भरायच्या मालात). लेडल (रस ओतायचं भांडं), नमुन्याचा चमचा, स्लॅग (रसावरची मळी) काढायची सळईसुद्धा आधी तापवा. भट्टीखालचा खड्डा कोरडा हवा, हे हमखास विसरलं जातं.

मात्र माल कोरडा असूनही रस उसळत असेल, किंवा अर्थ लीकेजचा (वीज जमिनीकडे झिरपत असल्याचा) अलार्म वाजला, तर भट्टीभोवतीची, आतून पाणी फिरणारी कॉइल गळत असू शकते. तेव्हा वीज तोडा आणि माणसं लगेच लांब न्या.