नवख्या संघाच्या नव्या कॅप्टनला

यंदा तुमच्या संघाला कुणी खिजगणतीत धरलेलं नाही, हे मनाला लावून घेऊ नकोस. २०२३च्या एनसीएए स्पर्धेत, म्हणजे अमेरिकी कॉलेजांच्या बास्केटबॉल स्पर्धेत, गटात सगळ्यात खालच्या, सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सन विद्यापीठाने अव्वल मानांकित पर्ड्यू विद्यापीठाला ६३-५८ असं हरवलं. पर्ड्यूकडे ७ फूट ४ इंचांचा झॅक एडी, आणि फेअरली डिकिन्सनची पोरं डिव्हिजन वनमधली, म्हणजे कॉलेजांच्या सर्वोच्च गटातली, सगळ्यात बुटकी! त्यांनी एडीच्या पुढेमागे माणसं लावली आणि त्याच्यापर्यंत पास पोचणंच अवघड करून टाकलं. हा सामना पुन्हा पुन्हा बघ, मुलांनाही दाखव.

तुम्हीही बचावावर भर द्या. शॉट एखाद्या दिवशी पडतच नाहीत, पण बचावातली मेहनत रोज करता येते. रिबाउंडचंच, म्हणजे हुकलेल्या शॉटचा चेंडू मिळवण्याचंच घे. शॉट सुटला की नवखी पोरं चेंडूकडे बघत उभी राहतात. तसं नको. आधी आपला माणूस शोधायचा, गुडघे वाकवून त्याला पाठीवर अडवायचं, मग चेंडूकडे झेपावायचं. पाचातला एक जरी हे विसरला तरी समोरच्यांना फुकटची दुसरी संधी मिळते.

आक्रमणात घाई नको. एनसीएएमध्ये शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायला मिळणारा वेळ, ३० सेकंदांचा आहे; पहिल्याच पासवर शॉट मारायची गरज नसते. फ्री थ्रोचा, म्हणजे समोरच्याच्या फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटचा सराव मात्र दमल्यावरच करा, कारण सामन्यात ते धापा टाकतच मारावे लागतात.

आणि बेंचवरच्या मुलांशी रोज बोल. फाउलमुळे कुणी बाहेर गेला की त्यांनाच उतरावं लागणार आहे.