ऑपरेशनची तारीख फोनवाल्याला कळली कशी?

प्रश्न : आम्ही राजारामपुरीत राहतो. चार वर्षांपूर्वी भावकीतल्याच एका एजंटकडून आरोग्य विमा घेतला. फॉर्म त्यानंच भरला, आम्ही सह्या केल्या. आधार, पॅन, कॅन्सल चेक त्यानं व्हॉट्सॲपवर मागवून घेतले. दोन महिन्यांपूर्वी यजमानांची अँजिओप्लास्टी झाली, कॅशलेस मंजूर झालं. पुढं तीन आठवड्यांनी एकाचा फोन आला. हॉस्पिटलचं नाव, ऑपरेशनची तारीख, पॉलिसी नंबर, सगळं बरोबर सांगितलं आणि म्हणाला, 'आयआरडीएमधून बोलतोय, क्लेमचे राहिलेले पैसे आणि बोनस जमा करायचाय, ओटीपी सांगा.' मी फोन ठेवला. पैसे गेले नाहीत, पण झोप उडाली. माहिती कुणी फोडली? कंपनीला ती पुसायला लावता येईल का? केस करता येईल का? एजंटाशी मात्र वाकडं घ्यायचं नाही.

उत्तर : ताई, ओटीपी दिला नाहीत हे बेस झालं. आयआरडीए म्हणजे विमा नियामक प्राधिकरण पॉलिसी विकत नाही आणि बोनसही वाटत नाही, त्यामुळं तो फोन भामट्याचाच. नंबर सरकारच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू' सुविधेवर नोंदवा. पैसे गेले असते तर आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० फिरवायला सांगितलं असतं.

आता माहिती फुटली कुठून? पहिला संशय एजंटावर जातो, पण चार वर्षांपूर्वीच्या फॉर्ममध्ये परवाच्या ऑपरेशनची तारीख असणार नाही. ती क्लेमच्या फायलीत आहे. ही फाईल हॉस्पिटलच्या टीपीए काउंटरवर जन्मते, तिथून टीपीएकडं, म्हणजे कंपनीच्या वतीनं क्लेम हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेकडं जाते, मग कंपनीच्या क्लेम विभागात, आणि शंका आली तर चौकशीला नेमलेल्या माणसाच्या हातात. तुम्ही आत आयसीयूबाहेर बसला होता तेव्हा बाहेर काउंटरवर आधारची झेरॉक्स, डिस्चार्ज कार्ड, केस पेपर स्कॅन होत होते. माझ्या एका पक्षकाराला रंकाळ्यावर भेळ मिळाली ती कुणाच्या तरी विमा फॉर्मच्या झेरॉक्समध्ये. वारसदाराचं नाव आणि वजन-उंची स्पष्ट वाचता येत होती. लोक हॅकरला घाबरतात, रद्दीला नाही. क्लेमच्या वेळी एजंटाची मदत घेतली असेल, तर कागद त्याच्याही मोबाईलमधून गेले असणार. तेवढं आठवून ठेवा.

कंपनीनं माहिती मागणं बेकायदा नाही. आजार, व्यसन, उत्पन्न विचारल्याशिवाय हप्ता ठरत नाही आणि १ जानेवारी २०२३ पासून आरोग्य विम्यालाही केवायसी सक्तीचं आहे. टीपीएला माहिती द्यायची संमती तुम्ही फॉर्मच्या शेवटच्या बारीक अक्षरांत दिलेली असते. पण ही संमती विम्याच्या कामापुरती. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार वैद्यकीय नोंदी 'संवेदनशील' माहितीत मोडतात. त्या दुसऱ्याला द्यायच्या तर तुमची परवानगी लागते, नाहीतर करारात किंवा कायद्यात तशी तरतूद लागते.

म्हणून पहिलं काम वकिलाचं नाही, पत्राचं. कंपनीच्या वेबसाईटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव असतं, त्यांना ईमेल करा आणि तेच स्पीड पोस्टानं पाठवा. फोनची तारीख, वेळ, नंबर आणि भामटा नेमकं काय बोलला ते लिहा. आमची कोणती माहिती तुमच्याकडे आहे, ती कुणाकुणाला कधी दिली आणि क्लेमची फाईल कुणी कुणी उघडली, हे लेखी विचारा. जाहिरातीसाठी दिलेली संमती मागं घेतल्याचं त्यातच कळवा. २०११ च्या त्याच नियमांत अधिकाऱ्याला एक महिन्याची मुदत आहे. उत्तर आलं नाही किंवा गुळमुळीत आलं, तर विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या हेल्पलाइनवर तक्रार करा.

पुसण्याचं म्हणाल तर सगळं पुसलं जाणार नाही. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्यानं ओळखीची कागदपत्रं व्यवहार संपल्यावरही ५ वर्षं जपावी लागतात. आणि क्लेमची नोंद उद्या तुम्हालाच लागेल. त्यामुळं 'पुसा'पेक्षा 'वापर थांबवा' ही मागणी पदरात पडेल अशी आहे.

केस? कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून येणारा प्रत्येक जण 'हायकोर्टात जाऊ' म्हणतो, पण हे प्रकरण तिथलं नव्हे. तुमचा दरवाजा जिल्हा ग्राहक आयोगाचा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ग्राहकानं विश्वासानं दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याच्या आधाराशिवाय दुसऱ्याला देणं ही 'अनुचित व्यापारी प्रथा' म्हटली आहे. तुम्ही राहता तिथं, म्हणजे कोल्हापुरातच तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत २ वर्षं. मात्र नुसता फोन आला एवढ्यावर आयोग कंपनीला दोषी धरणार नाही. फोनवाल्याला ठाऊक असलेला तपशील कंपनीच्याच साखळीत होता, हे दाखवावं लागेल. म्हणून ते पत्र महत्त्वाचं.

२०२३ च्या नव्या डेटा संरक्षण कायद्याची बरीच चर्चा आहे. त्यात कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड आहे खरा, पण तो सरकारजमा होतो, तुमच्या हातात छदामही येत नाही. शिवाय कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत. तोवर जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३अ आहे. त्यात निष्काळजीपणाबद्दल भरपाई मागता येते, पण नुकसान दाखवावं लागतं आणि सुदैवानं तुमचं झालेलं नाही. ते कलमही पुढं रद्द होणार आहे, एवढं ध्यानात असू द्या. पुण्याच्या विमा लोकपालांकडं मात्र जाऊ नका. तिथं मुख्यतः क्लेम आणि पॉलिसीच्या सेवेच्या तक्रारी चालतात.

तुम्ही विचारलं नाही, पण मला जास्त काळजी वाटते ती 'फॉर्म त्यानंच भरला' या वाक्याची. पॉलिसीसोबत फॉर्मची प्रत आलेली असेल, ती आज काढून वाचा. यजमानांना तेव्हा बीपीची गोळी सुरू असेल आणि एजंटानं 'नाही'वर टिक केली असेल, तर कंपनीच्या दप्तरी तुमच्या सहीची चुकीची माहिती आहे. सलग ६० महिने पूर्ण होईपर्यंत कंपनी लपवाछपवीच्या नावावर क्लेम अडवू शकते. तुमची चारच वर्षं झालीत. तशी चूक सापडली, तर कंपनीला कळवण्याआधी पॉलिसी आणि जुने रिपोर्ट घेऊन वकिलाला भेटा.

एजंटाशी भांडायची गरज नाही. एखाद्या रविवारी चहाला बोलवा आणि तुमच्यासमोर आधार, पॅन, चेकचे फोटो चॅटमधून, गॅलरीतून आणि बॅकअपमधून काढायला सांगा. पुढच्या वेळी त्याला आधार द्यायची वेळ आलीच, तर शेवटचे चारच आकडे दिसणारी मास्क केलेली प्रत पाठवा. ती आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साईटवरून फुकट मिळते.