डर्ट जंपसाठी 29 इंची गिअरवाली हार्डटेल चालेल का?

तुमचा प्रश्न असा आहे: उंची 5 फूट 8 इंच, बजेट 50 हजार, दुकानात 27 गिअरची 29 इंची हार्डटेल (पुढे सस्पेन्शन, मागे नाही अशी सायकल) आवडली आहे, तिच्यावर डर्ट जंप शिकता येईल का? आणि जिला गिअर नाहीत, पुढचा ब्रेकही नाही, ती डर्ट जंपची सायकल इतकी महाग का?

पहिल्याचं उत्तर नाही असं आहे. पायवाटांवर, घाटात, शेतरस्त्यांवर ती सायकल छान चालेल. पण मातीच्या रॅम्पवरून हवेत जाऊन पुढच्या उतारावर उतरणं, आणि तेही एका संध्याकाळी पुन्हा पुन्हा, यासाठी ती बनवलेलीच नाही. मोठ्या कंपन्या सायकलींचे वापरानुसार गट पाडतात आणि ते मॅन्युअलमध्ये छापतात. क्रॉस-कंट्री हार्डटेल सहसा तिसऱ्या गटात येते, तिथे उडीची मर्यादा 61 सेंमी असते. स्वस्त हार्डटेल बऱ्याचदा दुसऱ्या गटातली निघते, तिची मर्यादा 15 सेंमी. विकत घ्यायच्या आधी दुकानदाराकडून मॅन्युअल मागून हे पान वाचाच.

मोडतं कुठे, तर बहुतेक वेळा आधी मागच्या चाकात. बऱ्याच स्वस्त गिअरवाल्या सायकलींत आटे फिरवून बसवायचं फ्रीव्हील (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) असतं. त्यामुळे चेनच्या बाजूचे छर्रे हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, बरेच आत राहतात आणि एक्सलचा (चाकाच्या आसाचा) मोठा तुकडा आधाराशिवाय उरतो. थोडं तिरकं उतरलात की तोच वाकतो. चाक आऊट झालं तर मिस्त्री आऊट काढून देईल, वाकलेला एक्सल मात्र बदलावाच लागतो. पुढे त्याहून मोठी काळजी आहे. सुरुवातीच्या किमतीच्या फोर्कचे (पुढचं चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दुबेळक्याचे) पाय सहसा 28 मिमी जाडीचे असतात आणि चाक 9 मिमीच्या क्विक रिलीजवर, म्हणजे खटक्याने सुटणाऱ्या बारीक आसावर, धरलेलं असतं. डर्ट जंपच्या फोर्कचं उदाहरण म्हणून मार्झोकी बॉम्बर डीजे घ्या: 36 मिमीचे पाय, 20 मिमीचा एक्सल आणि प्रवास (फोर्क दबतो ते अंतर) फक्त 100 मिमी. मागचं चाक गेलं तर तुम्ही बसकण मारता, पुढचं गेलं तर तोंडावर पडता. म्हणून फोर्कवर तडजोड करू नका, हे मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो.

आता आकाराबद्दल. 29 इंची रिमचा व्यास 622 मिमी, 26 इंचीचा 559. लहान चाक हवेत पटकन वळतं, आडव्या धक्क्याला जास्त टिकतं आणि मागचं चाक क्रँकच्या जवळ आणता येतं. डर्ट जंपच्या फ्रेममध्ये हे अंतर 385 मिमीच्या आसपास असतं, 29 इंची हार्डटेलमध्ये साधारण 440. लिपवर, म्हणजे रॅम्पच्या वरच्या कडेवर, पुढचं चाक उचलताना हा फरक हातांना लगेच कळतो. कॅनडात व्हिस्लरला क्रँकवर्क्स महोत्सवातल्या स्लोपस्टाइलमध्ये (उड्या आणि करामतींच्या स्पर्धेत) जगातले अव्वल रायडर उतरतात, त्यांचीही चाकं 26 इंचीच असतात. डर्ट जंपच्या सायकलीची सीट खाली असते कारण तुम्ही बसणारच नसता, सायकल पायांच्या मधून मोकळी हलली पाहिजे. मागे सस्पेन्शन नको, कारण लिपवर तुम्ही पायांनी दिलेला जोर ते गिळून टाकतं. पुढचा फोर्कसुद्धा हवा भरून बऱ्यापैकी कडक ठेवतात, आणि टायरमध्ये 45 ते 60 पीएसआय.

गिअर नसण्याचं कारण साधं आहे: पडल्यावर वाकायला डिरेलर (मागचा गिअर बदलणारा भाग) उरत नाही आणि चेन उडत नाही. पुढचा ब्रेक काढतात तो हँडल गोल फिरवताना केबल आडवी येऊ नये म्हणून, शिवाय उडीच्या रांगेत त्याची गरज पडत नाही. तुम्ही घरापासून स्पॉटपर्यंत रस्त्याने सायकल चालवत जाणार असाल तर मात्र पुढचा ब्रेक लावून घ्या. फोर्कला त्याची जागा बहुधा असतेच. शहरातल्या गर्दीत फक्त मागच्या ब्रेकवर जाणं मला अजिबात पटत नाही.

किंमत जास्त का, हे आता लक्षात आलं असेल. पैसा गिअरांत न जाता फोर्क, हब, रिम आणि फ्रेममध्ये जातो. त्यातून स्पेशलाइज्ड कंपनीची पी.3 असो की पोलंडच्या एनएस कंपनीची मूव्हमेंट, या सायकली कमी बनतात, आणि बाहेरून मागवली तर भाडं आणि सीमाशुल्क वर चढतं.

तुमच्या बजेटमध्ये मी काय करेन? वापरलेली डर्ट जंप सायकल शोधेन. पुणे, मुंबई, बेंगळुरूच्या रायडर मंडळींत विचारत राहा. पुण्याच्याच सायनाइड (Psynyde) कंपनीच्या फ्युरानसारखी दणकट हार्डटेल मिळाली तरी हरकत नाही. महिना-दोन महिने थांबूनही काही हाती लागलं नाही तर नवी 20 इंची बीएमएक्स घ्या, पण फ्रेम, फोर्क, हँडल आणि क्रँक हे चारही क्रोमोलीचे (क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचे) आहेत याची खात्री करून. तुमच्या उंचीला ती लहान वाटेल आणि सुरुवातीला चंचलही. तरी पंप करणं (हातापायांनी सायकल दाबून वेग घेणं), लिपवर वेळ साधणं, दोन्ही चाकांवर उतरणं हे सगळं तिच्यावर नीट शिकता येतं, आणि तेच कसब पुढे 26 इंचीवर उपयोगी पडतं. थोडे पैसे हेल्मेट, नडगीचे गार्ड आणि पिनांच्या सपाट पायडलसाठी राखून ठेवा.

वापरलेली बघायला जाल तेव्हा भर उजेडात जा. हेडट्यूबच्या (फोर्क जिच्यात बसतो त्या फ्रेमच्या पुढच्या नळीच्या) मागे, खालच्या नळीच्या पोटाखाली बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा फुगवटा लागला तर सायकल समोरून जोरात आदळली आहे, ती सोडून द्या. क्रँकजवळचे आणि मागच्या एक्सलजवळचे वेल्ड पुसून तपासा. क्रोमोली बहुतेकदा आधी वाकते, ॲल्युमिनियमला तडा जातो, म्हणून ॲल्युमिनियमच्या फ्रेमला जास्त वेळ द्या. फोर्क दाबून सोडा, त्याच्या पायांवर तेलाचं कडं उठलं तर सील गेले आहेत. तो खर्च किमतीतून वजा करून मागा. पायांवर नखाला अडकणारा ओरखडा असेल तर फोर्क बाद धरूनच हिशोब करा. आणि हेडट्यूबचा आतला व्यास विचारा: 44 मिमी असेल तर खाली बाहेरचा कप लावून आजचा टेपर्ड (वरची नळी खाली जाड होत जाणारा) फोर्क बसतो, जुनी 34 मिमीची असेल तर पुढेमागे फोर्क बदलताना सरळ नळीचाच शोधावा लागेल.