उत्तर: एसी स्टोअरमधल्या पिनांना गंज – एक्झॉस्ट फॅन लावू नका

तुमची पोस्ट वाचली आणि डायरेक्ट 2014 चा जुलै आठवला. तुमचं चाकणला शॉप, ग्राइंडिंग केलेल्या स्टीलच्या पिना एसी स्टोअरमध्ये, भिंतीवरचं आर्द्रतेचं मीटर 55 टक्के दाखवतंय, तरी चार दिवसांनी पिशवी उघडली की तांबडे ठिपके, आणि आता कुणीतरी सांगितलंय की एक्झॉस्ट फॅन बसवा म्हणजे दमट हवा बाहेर जाईल. दादा, फॅनचं आधी थांबवा, बाकीचं मग वाचा.

आरएच (हवेतल्या आर्द्रतेचा टक्का) म्हणजे काय, वेट बल्ब (ओल्या कापडाचा थर्मामीटर) कसा बघायचा हे तुम्हाला येत असणारच, ते लिहीत बसत नाही. आणि आधीच सांगतो, मी एचव्हीएसीवाला (एसी-व्हेंटिलेशनवाला) नाही, मशीन शॉपवाला आहे, ठेच लागून शिकलोय.

आमचं भोसरीत छोटं शॉप होतं. इन्स्पेक्शन रूम 20 अंशाला, कारण मापं 20 लाच घ्यायची असतात, इथपर्यंत बरोबर. पण जागा नाही म्हणून तयार मालही तिथेच रचायला लागलो आणि पॅकिंगचं टेबल दाराबाहेर, शेडमध्ये. पाऊस सुरू झाला आणि पंधरा दिवसांत कस्टमरकडून पहिला फोटो आला. मग नेहमीचं सुरू, तेलवाला म्हणे कूलंट खराब, कूलंटवाला म्हणे पोरांच्या हाताचा घाम (तो असतोच, हातमोजे द्याच), पिशवीवाला म्हणे आमच्या व्हीसीआयला (गंज रोखणाऱ्या पिशवीला) काही झालेलं नाही.

शेवटी एक तपासणीवाली एजन्सी बोलावली, नाव घेत नाही. माणूस आला दुपारी अडीचला, नेमकं त्या दिवशी ऊन पडलेलं, रूमच्या मधोमध मीटर ठेवलं, अर्धा तास चहा प्यायला, आठवड्याने छापील रिपोर्ट – आर्द्रता 54 टक्के, समाधानकारक. जरा दाराबाहेर पण बघा म्हटलं तर ते आमच्या स्कोपमध्ये नाही म्हणे. बिल मात्र होतं स्कोपमध्ये.

पण खरं नुकसान माझ्या स्वतःच्या शहाणपणाने झालं. एसी हवा कोरडी करतो, मग अजून थंड केलं की अजून कोरडं होईल, असं डोक्यात घेऊन मी सेटिंग 20 वरून 18 वर आणलं. गंज वाढला. तरी अक्कल नाही, 17 करून बघितलं. पॅकिंगच्या मावशी महिनाभर सांगत होत्या, साहेब पिना ओल्या लागतात, पुसून पुसून चिंधी भिजते, आणि मी म्हणायचो तेल आहे ते. तेल नव्हतं! दोन लॉट परत आले, दोन्हीकडचं भाडं आपल्या डोक्यावर, आणि परत ग्राइंड करावं तर साइजला मटेरियलच शिल्लक नाही, सगळं भंगारात. अजूनही ते वर्ष आठवलं की पोटात गोळा येतो.

झालं काय होतं ते आकड्यांत बघा. रूममध्ये 20 अंश आणि 55 टक्के म्हणजे ड्यू पॉइंट (ज्या तापमानाखालच्या वस्तूवर हवेतलं पाणी जमतं तो आकडा) साधारण 11, तिथे पिन कधीच ओली होणार नाही, रिपोर्ट त्या अर्थाने खोटा नव्हता. बाहेर शेडमध्ये पावसाळ्यात 26 अंश आणि 85 टक्के, म्हणजे ड्यू पॉइंट 23. आता 20 अंशाची पिन उचलून त्या हवेत आणली की ती 23 च्या खालीच आहे, म्हणजे तिला घाम फुटणारच. तो घाम तसाच पिशवीत घालून आम्ही वरून सील करत होतो. आणि मी एसी खाली नेला तेव्हा पिन अजून थंड, म्हणजे अजून पाणी, आणि गरम व्हायलाही जास्त वेळ. दोन्ही बाजूंची मीटरं आपापल्या जागचंच सांगत होती, माती खाल्ली ती उंबरठ्यावर. टक्क्यावरून हे कळत नाही कारण टक्का त्या-त्या तापमानापुरता असतो. हवेचा ड्यू पॉइंट आणि धातूचं तापमान, या दोनच गोष्टी शेजारी लिहायची सवय लावा. चार्ट नसेल तर 100 मधून आरएच वजा करा, 5 ने भागा, येईल ते तापमानातून वजा करा, झाला ड्यू पॉइंट. 50 टक्क्यांच्या वर हे आपल्या कामापुरतं चालतं.

आता तुमचा फॅन. तो रूममधली हवा बाहेर फेकणार म्हणजे तेवढीच बाहेरची हवा दाराच्या फटीतून आत येणार. बाहेरच्या त्या हवेत किलोमागे साधारण 19 ग्रॅम पाणी आहे, तुमच्या रूममधल्या हवेत साडेआठ-नऊ. म्हणजे तुम्ही कोरडी हवा फेकून ओली विकत घेताय. तासाला 500 घनमीटरचा फॅन धरला तर रूम 55 टक्क्यांवर ठेवायला तासाला साडेपाच लिटरच्या वर पाणी काढावं लागेल, एक टनाहून जास्त एसी नुसता त्यातच खपला. (हे पुण्याच्या उंचीचे आकडे आहेत, समुद्रसपाटीचा चार्ट घेतलात तर बाहेरच्या हवेत 18 च्या आसपास दिसतील. ड्यू पॉइंट त्याने बदलत नाही, ग्रॅम बदलतात.)

मग करायचं काय? मला विचाराल तर पॅकिंगचं टेबल आत घ्या, बस. कोरड्या हवेतच पिशवी सील करा, मग बाहेर आल्यावर घाम फुटेल तो पिशवीवर फुटेल. आत जागाच नसेल तर क्रेटचं झाकण आतच घट्ट लावून बाहेर आणा आणि माल बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, आमच्या पिनांना चार तास लागायचे, जड माल असेल तर रात्रभर ठेवा. स्टोअरला मुळात 20 लागतच नाही, 20 लागतं मापाला. स्टोअर 26-27 ला ठेवून डीह्युमिडिफायर लावलेला केव्हाही बरा, फक्त आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, स्टीलचा गंज तिथून पुढे जोर धरतो. छोट्या खोलीला मोठा एसी हे पण एक दुखणं आहे, लगेच गार करून कॉम्प्रेसर थांबतो, ब्लोअर चालू राहतो आणि कॉइलवरचं पाणी परत हवेत. सगळ्यांना पटणार नाही, पण माझं मत हेच.

भिंतीवरच्या मीटरवर विसंबू नका. बाटलीच्या झाकणात साधं मीठ थोड्या पाण्याने ओलं करा, चिखल व्हावा, पाणी तरंगू नये, आणि मीटरसकट झिपच्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी 75 दिसायला पाहिजे. माझं 67 दाखवत होतं, म्हणजे माझे 55 हे खरे 60 च्या वर होते. आणि पिनेचं तापमान इन्फ्रारेड गनने डायरेक्ट घेऊ नका, चकचकीत धातूवर ती काहीही सांगते. काळी इन्सुलेशन टेप चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि टेपवर मारा.

फॅनसाठी भिंतीला भोक पाडून झालं असेल तर त्यावर प्लायचा तुकडा ठोका आणि कडेने सिलिकॉन मारून टाका, आजच.