घरात एसी नाही, तरी युनिट जवळजवळ दुप्पट कसे? वीज कुठे जाते ते कसं शोधायचं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. धुळ्याला देवपुरात स्वतःचं घर, खाली तुम्ही, वर भाडेकरू, दोघांचे मीटर वेगळे. एसी नाही. एक कूलर, फ्रिज, इन्व्हर्टर आणि बोअरची मोटर एवढंच. गेल्या उन्हाळ्यात महिन्याला 170 युनिट पडायचे, यंदा तीन महिने झाले 320 पडताहेत. वायरमन म्हणतो मीटर पळतो, सासूबाई म्हणतात भाडेकरू लाइट चोरतात.

माझी विनंती अशी की मीटर तपासणीचा अर्ज काही दिवस थांबवा, आणि भाडेकरूंना तर अजून एक शब्दही बोलू नका. असं का म्हणतो ते खाली येईलच. मी वायरमन नाही. अमळनेरला शाळेत विज्ञान शिकवतो. पण हेच दुखणं आमच्या घरात झालं होतं, आणि कारण सापडेपर्यंत आम्ही दोघे भाऊ एकमेकांपासून तुटायच्या बेताला आलो होतो.

आधी बिलं. तिन्ही बिलांवरचं मागील रीडिंग आणि चालू रीडिंग ताडून बघा. मध्ये एखादं बिल सरासरीवर आलं असेल, तर राहिलेले युनिट पुढच्या बिलात एकदम येतात आणि वापर वाढल्यासारखा वाटतो. तुमची तिन्ही बिलं प्रत्यक्ष रीडिंगची आहेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे वापर खरंच नोंदला जातोय. रुपयांकडे सध्या बघू नका, युनिट बघा. आपल्याकडे 101 ते 300 मधल्या युनिटचा दर पहिल्या शंभराच्या दुपटीहून जास्त असतो आणि 300 च्या वर तो आणखी चढतो. वाढलेलं प्रत्येक युनिट महागातलंच असतं, म्हणून रक्कम युनिटपेक्षा जास्त उडी मारते.

आता कागदावर एक हिशोब करा. सगळा शोध त्यावर उभा आहे. जास्तीचे युनिट 150, म्हणजे दिवसाला 5. हे 5 युनिट तीन तऱ्हांनी जळू शकतात. दोन हजार वॅटचा गिझर अडीच तास चालला, हजार वॅटची मोटर पाच तास चालली, किंवा साधारण 200 वॅटचं काहीतरी चोवीस तास चालू राहिलं. गिझर बाजूला ठेवू. मे महिन्यात खानदेशात टाकीचं पाणीच अंगाला चटके देतं. (तरी त्याचा स्विच चुकून चालू राहिलेला नाही ना, हे एकदा बघाच.) उरली मोटर, नाहीतर रात्रंदिवस गुपचूप चालणारं काहीतरी.

यातलं कोणतं, ते मीटर सांगतो. सकाळी सहाला आणि रात्री दहाला रीडिंग लिहा, तीन दिवस. मीटरच्या पडद्यावर तारीख, व्होल्टेज असं एकेक सरकत जातं, त्यातला केडब्ल्यूएच (kWh, म्हणजेच युनिट) लिहिलेला आकडाच घ्यायचा. घर झोपलेलं असताना जास्तीचे युनिट पडत असतील, तर निम्मा शोध तिथेच लागला.

मीटरवर लुकलुकणारा एक बारीक लाल दिवा असतो. शेजारी 3200 किंवा 1600 असा आकडा छापलेला असतो. 3200 म्हणजे इतक्या वेळा लुकलुकला की एक युनिट. घड्याळ लावून एका मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजा आणि 18.75 ने गुणा, त्या क्षणाला घर किती वॅट ओढतंय ते कळेल. 1600 चा मीटर असेल तर 37.5 ने गुणायचं. मिनिटाला अकरा वेळा आला, तर 3200 च्या मीटरवर ते झाले 206 वॅट.

मग संध्याकाळी उजेड असतानाच घरातलं सगळं बंद करा. नुसतं बटण नको, फ्रिज, टीव्ही, सेट टॉप बॉक्स, इन्व्हर्टर यांच्या पिनाही काढा. मेन चालूच ठेवा. आता दिवा थांबला पाहिजे. थांबला तर बहुधा वायरिंग ठीक आहे, दोष एखाद्या उपकरणात आहे. मग एकेक चालू करत मोजायचं. पण सगळं बंद असूनही दिवा लुकलुकत राहिला तर? आमच्याकडे नेमकं हेच झालं.

आमचं घर जुनं. वडील गेल्यावर वाटणी झाली, दादा वर गेला, मी आणि माय खाली राहिलो, मीटर दोन झाले. एका वर्षी चैत्रात आमचे युनिट वाढायला लागले. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दोन्ही बहिणी लेकरं घेऊन आल्या होत्या, रात्री दोन दोन कूलर चालायचे, म्हणून कोणाला काही वाटलं नाही. बहिणी गेल्या, पण युनिट उतरले नाहीत. एरवीच्या उन्हाळ्यात 140 पडायचे, ते 290 झाले. सुट्टी होती, म्हणून मी मीटरसमोर खुर्ची टाकून बसलो.

सगळं बंद केलं, दिवा चालूच. मग आमच्याकडे जुन्या पद्धतीचं चिनी मातीचं किटकॅट, म्हणजे फ्यूज, होतं, तेही काढलं. घरात अंधार, आणि मीटरचा दिवा दर साडेचार-पाच सेकंदांनी लुकलुकतोय. मला एकच अर्थ सुचला, की आमच्या लाइनवरून कोणीतरी वीज घेतंय. आणि घरात आमच्याशिवाय होते फक्त दादा आणि वहिनी.

दोन दिवस मी दादाशी धड बोललो नाही. जिन्यात समोर आला तरी मान खाली घालून निघून गेलो. मायला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "भाऊ भाऊनी लाइट चोरस का रे?" त्या दोन दिवसांचं मला आजही वाईट वाटतं. तुम्हाला भाडेकरूंना बोलू नका म्हटलं, ते यासाठी.

तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा मीटरसमोर होतो, किटकॅट काढलेलंच. वर वहिनीने कूलरमध्ये पाणी भरण्यासाठी कूलर बंद केला. दिव्याचा वेग एकदम निम्म्याहून खाली आला. पाणी भरून तिने बटण दाबलं आणि दिवा पुन्हा पहिल्यासारखा. मी तडक वर गेलो आणि दादाला सगळं सांगितलं, मनात काय आलं होतं तेही. तो रागावला नाही. तो वर बटणापाशी, मी खाली मीटरपाशी. मी ओरडायचो, "दादा, आते बंद कर!" तो वरून विचारायचा, "थांबना का?" मागच्या खोलीचा कूलर, पंखा आणि ट्यूब, तिन्ही बंद केल्यावर आमचा दिवा ठार थांबला.

ही खोली दादाने चैत्रातच तयार केली होती. पुतण्या भरतीचा अभ्यास करायचा, म्हणून तिथला कूलर दिवसरात्र चालू असायचा. खोलीची फेज, म्हणजे वीज आणणारी तार, दादाच्या मीटरवरून रीतसर आली होती. पण न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, वरच्या मेनपासून ओढायचा कंटाळा केला गेला आणि जिन्यातल्या बोर्डातून घेतला गेला. जिन्यातला तो बोर्ड आमचा होता.

याने काय होतं ते समजून घ्या, कारण दोन मीटरच्या कितीतरी घरांत असं वायरिंग असतं. वीज फेजच्या तारेने घरात जाते आणि न्यूट्रलच्या तारेने परत येते. जाताना जेवढी, परतताना तेवढीच हवी. जुना चक्रीचा मीटर एकाच तारेवर लक्ष ठेवायचा. त्यामुळे काही लोक मीटर लक्ष ठेवतो ती तार टाळून परतीची वाट जमिनीत सोडायचे, असे चोरीचे प्रकार चालायचे. ते पकडता यावेत म्हणून आताचा इलेक्ट्रॉनिक मीटर दोन्ही तारा मोजतो आणि ज्या तारेत जास्त प्रवाह असेल तो धरून युनिट लावतो. दादाच्या खोलीचा प्रवाह त्याच्या मीटरमधून जायचा आणि आमच्या मीटरमधून परतायचा. त्याच्या मीटरने जाणारी तार मोजली, आमच्या मीटरने येणारी. एकच कूलर दोन्ही मीटरवर मोजला जात होता. कूलर, पंखा, ट्यूब मिळून अडीचशे वॅट, दिवसाचे वीस तास, म्हणजे 5 युनिट. महिन्याचे 150. हिशोब युनिटला युनिट जुळला. मीटर पळत नव्हता आणि चोर तर कोणीच नव्हतं.

चक्रीचा मीटर जाऊन इलेक्ट्रॉनिक आला की काही घरांत युनिट वाढतात, त्यामागे कधी कधी हेच असतं. न्यूट्रलचा घोळ आधीपासून असतो, नव्या मीटरला तो दिसतो एवढंच. बऱ्याच मीटरवर यासाठी वेगळा दिवा किंवा पडद्यावर खूण असते, तिथे अर्थ किंवा ई.एल. असं काहीतरी लिहिलेलं असतं. तुमच्या मीटरवर ती पेटलेली दिसते का, हे आजच बघा. पेटलेली असेल तर न्यूट्रल कुठेतरी मिसळलाय, किंवा वीज जमिनीत गळतेय.

गळती जास्त भयंकर. बोअरमध्ये सोडलेल्या केबलचं आवरण कापलं गेलं, किंवा लोखंडी कूलरच्या पंपाची वायर सोलली गेली, तर प्रवाह अंगापर्यंत येऊ शकतो. उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या आपल्याकडे वाचायला मिळतातच. पाणी भरताना हाताला झिणझिण जाणवत असेल, तर युनिटचा शोध बाजूला ठेवा आणि तो कूलर ताबडतोब पिन काढून बंद करा.

दोन्हींची खात्री करायला चांगल्या वायरमनकडचा क्लॅम्प मीटर पुरतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एकत्र त्याच्या चिमट्यात धरल्या तर आकडा शून्य यायला हवा, कारण जाणारं आणि येणारं एकमेकांना खोडतं. शून्य नसेल तर न्यूट्रल मिसळलाय किंवा कुठेतरी गळती आहे. मग भाडेकरूंना विश्वासात घेऊन त्यांच्याकडचं एकेक बंद करायला सांगा आणि आपला दिवा बघा. आमच्याकडे दुरुस्तीला तासभर लागला. वरच्या मेनपासून नवा न्यूट्रल ओढला, जिन्यातला जोड तोडला, आणि दोन्ही घरांना 30 मिलीअँपिअरचं आरसीसीबी (जाणारा आणि येणारा प्रवाह जुळला नाही की वीज तोडणारा स्विच) बसवून घेतलं. ते असतं तर पहिल्याच दिवशी पडलं असतं आणि तीन महिने गेले नसते.

सगळं बंद केल्यावर तुमचा दिवा थांबला, तर उपकरणांकडे वळा. फ्रिजपासून सुरुवात करा. पाठीमागे हात लावून बघा, मशीन मधून मधून थांबतं का. उन्हाळ्यात ते जास्त वेळ चालणारच, पण कधीच थांबत नसेल तर थर्मोस्टॅट किंवा दाराचं रबर गेलंय. दारात कागद धरून दार लावा. कागद सहज निसटला तर रबर बदला. भिंतीला चिकटवून ठेवला असेल तर वीतभर पुढे ओढा.

इन्व्हर्टरवर मला जास्त संशय आहे, कारण बॅटरी पाच वर्षांची झाल्याचं तुम्हीच लिहिलंय. म्हातारी बॅटरी भरतच नाही, आणि चार्जर तिला दीडशे-दोनशे वॅट रात्रंदिवस पाजत राहतो. लाइट गेलेली नसतानाही बॅटरी कोमट लागते का, पाणी लवकर आटतं का, इन्व्हर्टरचा पंखा सतत घरघरतो का? एक दिवस इन्व्हर्टरची पिन पूर्ण काढून ठेवा आणि रीडिंग घ्या. दिवसाला 5 युनिट हा आकडा तिथे चपखल बसतो.

मोटरीबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण तुमच्या टाकीला ऑटोमॅटिक बसवलंय. भुसावळला माझ्या मामेबहिणीकडे महिनाभर कारण सापडत नव्हतं. शेवटी निघाला संडासातला फ्लश. त्याचं वॉशर झिजलं होतं, कमोडमध्ये बारीक धार सतत चालू. टाकी उतरली की ऑटोमॅटिक मोटर सुरू करायचं, रात्री दोनलाही. बोअरचं पाणी खोल गेलेलं, त्यामुळे टाकी भरायला मोटरला दुप्पट वेळ. वॉशर बदललं आणि युनिट जागेवर आले. रात्री झोपताना टाकीत पाणी कुठवर आहे ते खडूने खूण करून ठेवा आणि ऑटोमॅटिक बंद करा. सकाळी पाणी उतरलेलं असेल, तर नळ आणि फ्लश बघा.

मीटरमधून घरात जाणाऱ्या दोन्ही तारा सोडवूनही मीटरचा दिवा लुकलुकत असेल, तरच मीटरवर बोट ठेवा आणि तेव्हा तपासणीचा अर्ज करा. तारा सोडवणं तुम्ही करू नका, ते परवानाधारक वायरमनचं काम आहे. मीटरच्या सीलला तर कोणीच हात लावायचा नाही.

तीन दिवसांची रीडिंग, मीटरवरचा 3200 की 1600 तो आकडा, सगळं बंद केल्यावर दिवा थांबला की नाही, आणि इन्व्हर्टर काढलेल्या दिवसाचे युनिट, एवढं कळवा. पुढचं आपण मिळून बघू.