हेवी लायसन्स, ड्रायव्हिंग स्कूल आणि पहिली गाडी

वय २१, कारचं लायसन्स दोन वर्षांचं, ड्रायव्हिंग स्कूलवाला म्हणतो 'रोज यायची गरज नाही, हेवी काढून देतो', आणि लायसन्स आल्यावर थेट ट्रेलरवर नोकरी मिळेल का, असा तुमचा प्रश्न आहे. शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो. मिळणं अवघड, आणि मिळालीच तर त्या मालकाकडे जाऊ नका. पन्नास टनांची गाडी नवख्याच्या हातात देणाऱ्याकडे बहुतेक वेळा जुने ड्रायव्हर टिकत नसतात, आणि त्याला कारण असतं.

कागदांचं थोडक्यात सांगतो. ट्रान्सपोर्ट गाडीसाठी, म्हणजे धंद्यासाठी माल किंवा प्रवासी नेणाऱ्या गाडीसाठी, वय २० पूर्ण हवं आणि हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं हवं. तुमचं दोन्ही बसतंय. आठवी पासची अट २०१९ मध्येच गेली. सरकारच्या सारथी पोर्टलवर ट्रान्सपोर्ट वर्गासाठी नवं लर्निंग काढायचं, डॉक्टरने भरलेला तब्येतीचा फॉर्म १-अ जोडायचा. लर्निंग सहा महिने चालतं आणि पक्क्या लायसन्सची टेस्ट ३० दिवसांनंतरच देता येते. त्या वेळी स्कूलचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म ५, लागतो. ट्रान्सपोर्टचा शेरा पाच वर्षांसाठी असतो. एखाद्या जुन्या कार्डावर 'एलएमव्ही-टीआर', म्हणजे हलकं ट्रान्सपोर्ट वाहन, लिहिलेलं असतं. त्यावर टेम्पो चालतो, मोठा ट्रक चालत नाही.

आता स्कूल. नियमाप्रमाणे ट्रान्सपोर्टचं शिक्षण किमान ३० दिवसांचं आणि प्रत्यक्ष स्टिअरिंगवर किमान १५ तास. हे १५ तास तुमच्या एकट्याचे असायला हवेत. एका फेरीत चार पोरं बसवून तासभर गाडी फिरवली, तर तुमच्या वाट्याला पंधरा मिनिटं येतात, आणि रजिस्टरला मात्र पूर्ण तास लागतो. म्हणून पैसे भरण्याआधी तीन गोष्टी डोळ्यांनी बघा. ट्रक स्कूलचा स्वतःचा आहे की टेस्टच्या दिवशी भाड्याने आणतात? शिकवणाऱ्याच्या बाजूला क्लच-ब्रेकचे वेगळे पेडल आहेत का? आणि गाडीला एअर ब्रेक आहे का? पुष्कळ ठिकाणी 'हेवी' म्हणून ४०७ वर, म्हणजे टाटाच्या छोट्या ट्रकवर, शिकवतात. तिचा ब्रेक हायड्रॉलिक, पाय ठेवला की कारसारखा लागतो. मोठ्या गाडीचा सगळा खेळ हवेवर असतो, आणि तो ४०७ वर कळत नाही. मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचा मध्यम-जड वाहनांचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांचा, ३८ तासांचा आहे, आणि तिथून पास झालेल्याला आरटीओची वेगळी टेस्ट द्यावी लागत नाही. पुण्याजवळ राहत असाल तर भोसरीला सीआयआरटीच्या (सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट) संस्थेत चौकशी करा. तुमच्या गल्लीतल्या 'काढून देतो'वाल्याला सोडा. तो फक्त कार्ड देईल, आणि मालक तुमची ट्रायल गाडीवर घेणार आहे, कार्डावर नाही.

स्कूलमध्ये भर कशावर द्यायचा? सरळ रस्त्यावर ट्रक कुणीही चालवतो. नोकरीच्या ट्रायलमध्ये पोरं पडतात ती रिव्हर्सला. दोन्ही आरशांत बघत, क्लच अर्धा धरून, अॅक्सिलरेटर न देता गाडी सरळ मागे घेता आली पाहिजे, मग गोडाऊनच्या धक्क्याला काटकोनात लावता आली पाहिजे. अंदाज चुकतोय वाटलं की थांबा, उतरा, मागे जाऊन बघा, परत बसा. कसलेले ड्रायव्हरही उतरतात. दुसरी गोष्ट वळणाची. लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या मार्गावरून येत नाहीत, आतून कापतात. डावं वळण घेताना दुचाकीवाला नेमका त्याच कोपऱ्यात घुसतो आणि केबिनच्या डाव्या दाराखालचा भाग ड्रायव्हरला दिसत नाही.

एअर ब्रेकचं नीट समजून घ्या. सकाळी इंजिन चालू केल्यावर हवेचा काटा साधारण ७-८ बारपर्यंत चढू द्यायचा. हवा कमी असल्याचा बझर वाजत असताना गाडी हलवायची नाही. हवा कमी असेल तर मागचा पार्किंग ब्रेक स्प्रिंगने धरलेलाच राहतो, आणि तशीच रेटली तर ब्रेकचं लायनिंग जळतं. इंजिन बंद करून काटा भराभर उतरतो का बघा, उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे. हवेच्या टाकीत साचलेलं पाणी रोज सोडा, पावसाळ्यात तर नक्कीच.

उताराला गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवण्याची सवय तुम्हाला कुणीतरी जुना माणूस लावेल. लावून घेऊ नका. न्यूट्रलमध्ये इंजिनाची पकड जाते, सगळं वजन ब्रेकवर येतं, ड्रम तापतात आणि तापलेला ब्रेक धरत नाही. सारखं दाबत-सोडत राहिलं की हवाही संपत जाते. इंजिनच बंद केलं तर हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो आणि पॉवर स्टिअरिंग जड होतं. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार अशा बेफाम ट्रकांसाठीच बदनाम आहे. रीत जुनीच: ज्या गिअरमध्ये चढेल त्याच गिअरमध्ये उतरवायची, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी रोखणारा) लावून ठेवायचा, आणि पायाचा ब्रेक गरजेला, ठाम आणि थोडा वेळ. गिअर उतार सुरू होण्याआधी पाडायचा. मध्येच पाडायला गेलात आणि पडला नाही, तर गाडी न्यूट्रलमध्ये अडकते.

पहिली नोकरी. मोठ्या कंपन्या दोन-तीन वर्षांचा हेवीचा अनुभव मागतात आणि तो कार्डावरच्या ट्रान्सपोर्टच्या तारखेपासून मोजतात. त्यामुळे कार्ड लवकर काढा, पण कामाला छोट्या गाडीपासून लागा. सुप्रीम कोर्टाच्या नोव्हेंबर २०२४ च्या निकालानंतर ७,५०० किलो एकूण वजनापर्यंतची मालगाडी साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर चालवता येते. म्हणजे हेवीचं काम चालू असतानाच ४०७ किंवा चौदा फुटी आयशरवर लोकल डिलिव्हरी करता येईल. आरसीवरचं एकूण वजन मात्र आधी वाचा. त्यानंतर सहा चाकी, मग दहा चाकी. दुसरा मार्ग लांबच्या गाडीवर सेकंड ड्रायव्हर किंवा क्लीनर म्हणून जाण्याचा. पगार कमी, पण ताडपत्री बांधणं, टायर ठोकून बघणं, वजनकाट्यावर गाडीचं वजन करणं, माल मोजून घेणं हे तिथेच शिकायला मिळतं. हे शिकवणारं स्कूल नाही. काम शोधायला निगडीचं ट्रान्सपोर्ट नगर, चाकण, भिवंडीची गोडाऊनं, कळंबोली, वाशी मार्केट इथे सकाळी प्रत्यक्ष जा. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात तोंडओळख झाली की गाडी रिकामी उभी असताना फोन येतो.

मालकाशी बोलताना पगाराचा आकडा शेवटी काढा. आधी विचारा: भत्ता रोजचा की ट्रिपचा? गाडी खाली व्हायला दोन दिवस थांबली तर त्या दिवसांचं काय? वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची हमाली) आणि टोल कुणाच्या खिशातून? डिझेलचं ॲव्हरेज भरलेल्या आणि रिकाम्या गाडीला वेगळं धरता का? एकच आकडा धरणारा मालक घाटाच्या प्रत्येक ट्रिपला तुमचे पैसे कापणार. शॉर्टेज, म्हणजे माल कमी, निघालं तर कुणी भरायचं? म्हणून भरताना नग स्वतः मोजा, सीलचा नंबर बिल्टीशी (मालाच्या पावतीशी) जुळवा, खाली करताना काही फुटलं-कमी आलं तर पोचवर (माल मिळाल्याच्या सहीच्या कागदावर) तिथेच लिहून घ्या. मूळ लायसन्स मालकाकडे ठेवायला देऊ नका.

ओव्हरलोडला 'सगळेच भरतात' हे उत्तर मिळेल. दंड २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, आणि कायद्यात चालवणारा आणि चालवायला लावणारा दोघेही येतात. ई-वे बिलाची, म्हणजे माल नेण्यासाठीच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची, मुदतही बघत जा. साधारण २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. गाडी बिघडून मुदत जाणार असेल तर ट्रान्सपोर्टला लगेच कळवा, कारण ती संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच वाढवता येते.

बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांची) गाडी मिळाली तर डिझेलबरोबर धूर साफ करणाऱ्या युरियाची टाकीही बघत जा. ती संपली की इंजिन ताकद कमी करतं, आणि घाटात भरलेल्या गाडीला ते परवडत नाही. टँकरचा विचार मनात असेल तर धोकादायक मालासाठी तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण आणि लायसन्सवर तसा शेरा लागतो. तो वर्षभर गाडी चालवल्यावर काढा.