वाचकांचे प्रश्न : एल्मची एकच फांदी का वाळते?

प्रश्न : आम्ही मिनेसोटात, सेंट पॉलला राहतो. अंगणात अमेरिकन एल्मचे जुने झाड आहे. जूनअखेरीस शेंड्याकडची एक फांदी पिवळी पडली, बाकी झाड हिरवेगार. भरपूर पाणी घालूनही फरक नाही. शेजारचा एल्म गेल्या वर्षी वाळला, तो अजून उभाच आहे. आमचा वाचेल का?

उत्तर : लक्षणे डच एल्म रोगाची दिसतात. ओफिओस्टोमा नोव्हो-उल्मी ही बुरशी लाकडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत पसरते. तिला अडवायला झाड स्वतःच त्या नळ्या बुजवते, म्हणून मुळाशी घातलेले पाणी वर पोचत नाही.

आजारी फांदीची साल चाकूने सोला. लाकडावर तपकिरी उभ्या रेघा दिसल्या तर संशय बळावतो. पण व्हर्टिसिलियम मर रोगातही अशा रेघा येतात. तेव्हा रेघा असलेले, बोटभर जाडीचे सहा-आठ इंची तुकडे गारव्यात ठेवून विद्यापीठाच्या वनस्पतिरोग प्रयोगशाळेत द्या. पूर्ण वाळलेली काटकी तपासायला निरुपयोगी.

झाड वाचणे हे रोग कुठून शिरला यावर ठरते. बुरशी अंगावर घेऊन आलेले सालीतले बारीक भुंगेरे कोवळ्या फांद्यांच्या बेचक्यात कुरतडतात, तेव्हा रोग सहसा वरून सुरू होतो. फांद्या-पानांच्या डोलाऱ्याचा 5 टक्क्यांहून कमी भाग बाधित असेल, तर शेवटच्या रेघेच्या 10 फूट खाली निरोगी लाकडात फांदी कापावी. जोडीला परवानाधारक वृक्षतज्ज्ञाकडून बुंध्याशी थायाबेंडाझोल हे बुरशीनाशक टोचून घ्यावे. रेघा खोडात उतरल्या असतील तर कापून उपयोग नाही. जवळच्या एल्मची मुळे एकमेकांत जुळलेली असतात. त्या वाटेने आलेल्या रोगावर इंजेक्शनही चालत नाही.

शेजारचे झाड पाडाच, पण आधी दोन्हींच्या मध्ये चार-पाच फूट खोल चर खणून मुळे तोडा. क्रम उलटला, तर आजारी मुळांतली बुरशी तुमच्या झाडाकडे आणखी वेगाने ओढली जाते. चर खणण्यापूर्वी गॅस आणि विजेच्या लाइन तपासून घ्या.

प्रश्न : पाडलेल्या आजारी एल्मचे लाकूड शेकोटीला ठेवले तर?

उत्तर : सालीसकट मुळीच नको. भुंगेरे सालीखालीच अंडी घालतात आणि वसंतात नवी पिढी बुरशी घेऊन उडते. साल पूर्ण काढा, नाहीतर लगेच चिपा करून टाका. निरोगी एल्मची छाटणीही एप्रिल ते ऑगस्ट टाळा, ताज्या जखमेच्या वासाने भुंगेरे येतात.

प्रश्न : भारतात एल्म आहे का?

उत्तर : हिमालयात आहे. तिथे याच गटातली ओफिओस्टोमा हिमाल-उल्मी बुरशी सापडली, पण तिने तिथली झाडे मारलेली नाहीत. आपला वावळ एल्मच्याच कुळातला, प्रजाती मात्र वेगळी.